एकालाही उत्तर येणार नाही अशी प्रश्नमंजूषा कशी घ्यावी

क्विझ घेण्याचं काम गळ्यात पडलं म्हणून घाबरू नका. आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. समोरचे सहा-आठ संघ, मागचे प्रेक्षक, माइक, प्रोजेक्टर हा सगळा सरंजाम तुम्हाला किती माहिती आहे ते चारचौघांना कळावं म्हणून मांडलेला आहे. त्यांना काय येतं, हा मुद्दा गौण. एखाद्या प्रश्नाला उत्तर आलं की तो प्रश्न वाया गेला असं समजा. सगळे संघ ओळीने ‘पास’ म्हणाले, सभागृह चिडीचूप झालं आणि मग तुम्ही मंद हसत, पाण्याचा एक घोट घेऊन, स्वतःच उत्तर सांगितलंत, की गंगेत घोडं न्हालं.

सुरुवात प्रश्न काढण्यापासून करू. ‘स्पेनच्या राष्ट्रगीताचं नाव काय?’ हा नमुनेदार प्रश्न. माहीत असेल तर एका सेकंदात ‘मार्चा रेआल’, नसेल तर तासभर बसूनही नाही. डोकं चालवायला कुठे फटच ठेवलेली नाही. काही दुष्ट लोक मात्र हाच माल घेऊन भलतंच काहीतरी रचतात. ते विचारतात, ‘एका देशाच्या ऑलिंपिक समितीने २००७ मध्ये एक स्पर्धा घेतली. जानेवारी २००८ मध्ये निकाल लागला, पण एवढी टीका झाली की काही दिवसांतच सगळं गुंडाळावं लागलं. त्यामुळे सुवर्णपदक मिळवूनही या देशाच्या खेळाडूंना एक गोष्ट आजही करता येत नाही. कोणती?’

आता काय गोंधळ होतो बघा. एक जण म्हणतो, पदक घेताना माणूस करतो तरी काय? हात हलवतो, पदक चावतो, झेंड्याकडे बघतो. दुसरी म्हणते, ओठ हलवतो. तिसरा टेबलावर हात आपटतो, ‘राष्ट्रगीताला शब्दच नाहीत!’ ज्यांना स्पेन नकाशावर शोधायला अर्धा मिनिट लागला असता, ते दहा गुण घेऊन मोकळे. बाकीचे संघ ‘अरे, हे आपल्यालाही यायला हवं होतं’ म्हणत कपाळाला हात लावतात आणि वर टाळ्याही वाजवतात, त्याही प्रश्नाला. तुमचं नावसुद्धा कोणी घेत नाही. क्विझच्या दुनियेत अशा प्रश्नाला ‘वर्केबल’ म्हणतात. त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका.

प्रश्न लांबवायचा असेल तर जरूर लांबवा, पण वाढवलेल्या मजकुराचा उत्तराशी संबंध येऊ देऊ नका. जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय, शाळेतले गुण असं सगळं घाला आणि शेवटी विचारा, ‘तर यांच्या धाकट्या भावाचं नाव काय?’

यानंतर हुकमी एक्का म्हणजे ‘पहिला’ हा शब्द. ‘भारतातला पहिला चित्रपट कोणता?’ एक संघ ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणेल, ३ मे १९१३. दुसरा ‘श्री पुंडलिक’ म्हणेल, १८ मे १९१२, आणि दादासाहेब तोरणे यांचं नावही सांगेल. त्यावर पहिला म्हणेल, ते तर नाटकाचं चित्रीकरण होतं आणि फिल्मवरची प्रक्रियाही लंडनमध्ये झाली. वीस मिनिटं आरामात जातात. ‘पहिला बोलपट कोणता?’ असं विचारलंत तर मात्र ‘आलम आरा’, १९३१, विषय संपला, मजा गेली. राजकारणात ‘जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष’ विचारा. १९७४ मध्ये पतीच्या निधनानंतर पदावर आलेल्या अर्जेंटिनाच्या इसाबेल पेरॉन, की १९८० मध्ये लोकांनी थेट निवडून दिलेल्या आइसलँडच्या विग्दिस फिनबोगादोत्तिर? प्रश्नात ‘थेट निवडून आलेल्या’ एवढे शब्द घातले असते तर वाद झाला नसता. म्हणून तर ते घालायचे नाहीत.

आकड्यांचेही असेच लाड करा. ‘नेहरूंपासून मोजलं तर भारताला किती पंतप्रधान झाले?’ गुलझारीलाल नंदा १९६४ आणि १९६६ मध्ये प्रत्येकी तेरा दिवस हंगामी पंतप्रधान होते. त्यांना धरायचं की नाही, आणि धरायचं तर एकदा की दोनदा, हे उत्तरं येऊन गेल्यावर ठरवा. अमेरिकेचंही तेच. ट्रम्प ४७ वे, पण त्या खुर्चीत बसलेली माणसं ४५, कारण क्लीव्हलँड आणि ट्रम्प दोघेही मध्ये एक पाळी सोडून परत आले. ‘भानू अथय्या यांना ऑस्कर कोणत्या वर्षी?’ हा तर दुधारी प्रश्न. ‘गांधी’ चित्रपट १९८२ चा, सोहळा १९८३ चा. तुमच्या कागदावर जे असेल तेच बरोबर, आणि दुसरं बोलणाऱ्याकडे दयेने पाहायचं.

संगीताच्या इतिहासात ‘सर्वाधिक गाणी कोणी गायली?’ याला तोड नाही. गिनेसने १९७४ मध्ये लताबाईंचं नाव छापलं, रफीसाहेबांनी त्याला हरकत घेतली, पुढे ती नोंदच काढून टाकली, आणि २०११ मध्ये आशाबाईंचं नाव आलं. हे सगळं प्रश्नातच सांगून ‘हरकत घेणारा गायक कोण?’ असं विचारलं असतं तर प्रश्न सुरेख झाला असता. तुम्ही फक्त ‘सर्वाधिक गाणी कोणाची?’ एवढंच विचारा आणि खुर्च्या आवरायला माणसं तयार ठेवा.

उत्तर दोन ठिकाणी पडताळून पाहायची खोड असेल तर आधी मोडा. अमेरिकेत सामान्यज्ञानाच्या एका संकलकाने आपला माल कोणी ढापतो का हे पकडायला मुद्दाम एक खोटी नोंद घुसवली होती, की टीव्ही मालिकेतल्या पोलीस डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव ‘फिलिप’. मालिकेत कोलंबोच्या ओळखपत्रावर दिसतं ते ‘फ्रँक’. काही वर्षांनी ‘ट्रिव्हियल पर्स्यूट’ या खेळातल्या एका कार्डावर ‘फिलिप’ झळकला. माणूस कोर्टात गेला आणि हरला, कारण माहितीवर कोणाची मालकी नसते. तेव्हा तुम्हीही बिनधास्त एकाच जागेवरून उचला. तिथे खड्डा खणलेला असेल तर भर सभेत कळेलच.

कोणतं उत्तर किती नेमकं हवं, हेही आधी ठरवू नका. संघ म्हणाला ‘मंगेशकर’. त्या घरात चार बहिणी आणि एक भाऊ, पाचही जण गाण्यातले. ‘कोणते?’ असं विचारून पूर्ण नाव काढून घेता येतं. पण तुमच्या आवडत्या संघाला आडनावावर गुण द्या आणि पुढच्या फेरीत दुसऱ्या संघाने ‘रूझवेल्ट’ म्हटलं की ‘थिओडोर की फ्रँकलिन? अपुरं उत्तर!’ म्हणून पुढे सरका.

श्राव्य फेरी हा तुमचा खरा दागिना. गाणी स्लाइडच्या आत बसवू नका, बाहेरून लिंक द्या, म्हणजे सादरीकरण पेन ड्राइव्हवर घेऊन आयोजकांच्या संगणकात उघडलं की फक्त एक करडा चौकोन दिसेल. मग फाइल शोधायला फोल्डर उघडा, तोही प्रोजेक्टर चालू ठेवून. फाइलचं नाव गाण्याच्या मुखड्यावरूनच ठेवलेलं असल्यामुळे पुढच्या पाचही प्रश्नांची उत्तरं पडद्यावर ठळक अक्षरांत येतील. ‘ऑडिओ १’, ‘ऑडिओ २’ अशी नावं देणारे लोक अरसिक असतात. तुकडा कापताना सुरुवातीचे पंधरा-वीस सेकंदांचे वाद्यस्वर ठेवले तर जाणकाराला ओळखायला आणि बाकीच्यांना तर्क करायला वाव मिळतो. तसं करू नका. एक तर मुखड्यापासून सुरू करा, म्हणजे गाणंच आपलं नाव सांगेल, नाही तर तीन मिनिटं वाजू द्या, म्हणजे प्रश्न काय होता हेच विसरायला होईल. स्पीकर पहिल्या संघाच्या कानाशी ठेवा. आवाजच येत नसेल तर स्वतः गुणगुणून दाखवा. आपण सुरात आहोत की नाही याची चिंता नको. त्या क्षणी कोणीही उत्तराचा विचार करत नसतं.

छायाचित्रांच्या फेरीत फार खपायला नको. कोपऱ्यातली नावाची ओळ कापायची विसरलात की काम झालं.

आता गुणदान. प्रश्न पहिल्या संघाकडून पुढे सरकतो आणि ज्याने उत्तर दिलं त्याच्या शेजाऱ्यापासून पुढचा प्रश्न सुरू होतो, हा प्रचलित ‘बाउन्स’. यात ज्याच्या अलीकडे कच्चे संघ बसलेत त्याच्याकडे प्रश्न आपसूक घरंगळत येतात. म्हणून शहाणे लोक अर्ध्यावर दिशा उलटवतात. तुम्ही उलटवू नका. ज्याला डावीकडचा कोपरा मिळाला त्याने नशिबाला बोल लावावा.

‘पाउन्स’ ठेवलंत तर आणखी बहार. यात कोणताही संघ आपली पाळी नसताना चिठ्ठीवर उत्तर लिहून देतो. बरोबर आलं तर साधारण अधिक दहा, चुकलं तर उणे पाच. नियम असा की चिठ्ठ्या आधी गोळा करायच्या, पाउन्स बंद झाल्याचं जाहीर करायचं आणि मगच तोंडी उत्तरं घ्यायची. तुम्ही दोन्ही एकदमच चालू ठेवा. चार चुकीची उत्तरं कानांवर पडली की पाचवा संघ चिठ्ठीवर बरोबर उत्तर लिहीलच. आणि चिठ्ठी उघडताना चेहऱ्यावरचे भाव लपवू नका. भुवया वर गेल्या की सगळ्यांना कळतं, खाली आल्या तरी कळतं.

भाग घेणाऱ्यांसाठी एवढंच, की संघातल्या मोठ्या आवाजाच्या माणसाला कप्तान करा. हळू आवाजात बरोबर उत्तर सांगणारी एक व्यक्ती प्रत्येक संघात असते. तिला टोकाच्या खुर्चीत बसवा, आणि उत्तर हुकलं की ‘हेच ओठांवर होतं’ असं सगळ्यांनी एका सुरात म्हणा.

शेवटी दोन संघ बरोबरीत येतील. टायब्रेकरचे तीन-चार प्रश्न आधी काढून, त्यांची उत्तरं त्याच आठवड्यात तपासून बंद लिफाफ्यात ठेवण्याचा उद्योग करू नका. जुन्या क्विझचा कागद खिशात असतोच. त्यातला ‘आयफेल टॉवर किती मीटर उंच?’ हा प्रश्न काढा, जवळच्या आकड्याला विजय. कागदावर ३२४ असेल. मार्च २०२२ मध्ये टॉवरवर नवा अँटेना चढला आणि उंची ३३० झाली, पण कागदाला ते कोण सांगणार? एक संघ ३२४ लिहील, दुसरा ३३०. पहिल्याला चषक द्या. दुसरा संघ खिशातून मोबाइल काढून तुमच्यासमोर धरेल. तेव्हा मोबाइल बाहेर काढल्याबद्दल त्यांचे दहा गुण कापा.