बँकर कुठे लावतात?

आल्प्समधल्या रेल्वेच्या फोटोत लाल गाडी असते, पांढरा बर्फ असतो, कमानींचा उंच पूल असतो. तिकिटाचा दर तेवढा नसतो. तो शोधायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याच्या मते मला 'असल्या गोष्टींची आवड' आहे. आवड मला नाटकांची आहे, पण ते असो.

आम्ही राहतो म्युनिकला. डिसेंबरात सासू-सासरे कर्जतहून येणार, मुलांना नाताळची सुट्टी, तेव्हा पाचही जणांनी... चुकले, सहाही जणांनी आगगाडीने आल्प्स बघायचे ठरले. सुट्टी सोडून गेलं तर स्वस्त पडतं. पण इथे मुलांची शाळा बुडवून सहलीला निघालं तर आईबापांना दंड होऊ शकतो. म्हणजे अख्खा बव्हेरिया ज्या दिवसांत घराबाहेर पडतो, त्याच दिवसांत आम्हीही पडणार.

मुलीला हवी होती ग्लेशियर एक्सप्रेस. झेरमाट ते सेंट मोरिट्झ, २९१ पूल, ९१ बोगदे आणि थेट छतापर्यंत चढलेल्या काचा. तिकीट आहेच, शिवाय आरक्षणाचे पैसे सक्तीने वेगळे. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी फ्रँकचे रुपये करून मागितले आणि ऐकून म्हणाल्या, "एवढ्यात आपली गच्ची वॉटरप्रूफ होईल गं." बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, हरकत वेगळीच होती. ते मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेत. "किलोमीटर किती?" "२९१." "आणि वेळ?" "साधारण आठ तास." "मग ती एक्सप्रेस कसली? हळू चालवायचे जादा पैसे घेतात होय!"

खरी गोम मला दोन-तीन रात्री जागल्यावर कळली. स्वित्झर्लंडमधल्या या प्रसिद्ध गाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्याच रुळांवरून गावकऱ्यांची साधी गाडीही धावते. कूर ते सेंट मोरिट्झ आणि पुढे बेर्निना घाट उतरून इटलीतल्या टिरानोपर्यंत. यातला थुसिस गावापासून पुढचा सगळा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि युनेस्कोने काही डबे बघून शिक्का मारलेला नाही. तोच लँडवासर पूल, ६५ मीटर उंच, वळत वळत सरळ कड्यातल्या बोगद्यात घुसणारा. साध्या गाडीला आरक्षण लागत नाही, आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या चक्क खाली सरकतात. काचेच्या महालातून काढलेल्या फोटोत बर्फाच्या जोडीला स्वतःच्याच जॅकेटचं प्रतिबिंब येतं. हे मी मुलीला पुराव्यानिशी दाखवलं. ती म्हणाली, "पण मग ती लोकलच ना?" कर्जतच्या गार्डची नात हे असं बोलली. मी बाबांना सांगितलं नाही.

यानंतर सुरू झालं सूर्याशी भांडण. म्युनिकहून बव्हेरियाच्या टोकाच्या लिंडाऊपर्यंत बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट, स्वस्त पडतं, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत चालतात आणि आपली मुलं त्यात फुकटही बसतात, पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू. नऊनंतर निघून, गाड्या बदलत घाटात पोचेपर्यंत डिसेंबरातला उजेड गेलेला. जगातला सर्वांत देखणा अंधार बघायला सहा तिकिटं कशाला? म्हणून एक रात्र कूरला. दुसऱ्या रात्री सेंट मोरिट्झला राहायचा विचारसुद्धा मी उघड केला नाही. तिथल्या हॉटेलांचे दर बघताना लॅपटॉपचा पडदा आपोआप अंधुक होतो असं मला वाटतं. त्यापेक्षा सरळ घाट उतरून टिरानोत झोपायचं. सरहद्दीच्या इटालियन बाजूला तोच डोंगर निम्म्या पैशांत दिसतो. शिवाय तिथे पित्झोक्केरी मिळतं, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी आणि वर भरपूर चीज. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "कुट्टू? म्हणजे उपासाला चालेल की!" कोबीचं मी पुन्हा एकदा सांगितलं नाही.

स्विस बचत पासाचा खेळ तर नाटकातल्या पहिल्या रांगेसारखा. जितक्या लवकर घ्याल तितका स्वस्त. मी सकाळी दर बघितला, नवऱ्याने "संध्याकाळी शांतपणे बसू" म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत दर शांतपणे वर गेला होता.

बाबांना मी सगळा आराखडा पाठवला. त्यांनी तो वहीत उतरवून काढला, आकड्यांखाली रेघा मारल्या आणि फोन केला.

"लँडक्वार्टला गाडी बदलायला सहा मिनिटं लिहिलीयत. सहा मिनिटांत कर्जतला वडासुद्धा हातात पडत नाही."

"बाबा, समोरच्याच फलाटावर असते."

"बरं. घाट केवढा आहे?"

बेर्निनाचा माथा २,२५३ मीटरवर आणि टिरानो ४२९ वर, हे मी वाचून दाखवलं. चढ हजारात सत्तर. त्यांनी पलीकडे भागाकार केला. "वन इन फोर्टीन? आमचा बोरघाट वन इन थर्टीसेव्हन, तर मागून ढकलणारं बँकर इंजिन लावल्याशिवाय गाडी हलवत नव्हतो. तिथे बँकर कुठे लावतात?"

"लावतच नाहीत."

"मग मध्ये दातेरी रूळ असेल, माथेरानसारखा?" म्हणाले, आणि स्वतःच दुरुस्त केलं, "नाही, माथेरानलाही दाते नाहीत. पण ती गाडी केवढीशी!"

"इथेही दाते नाहीत. साधे रूळ. १९१० पासून हिवाळ्याचीसुद्धा धावतेय." शेवटचं वाक्य मी धीर द्यायला जोडलं होतं, सुरुवातीची काही वर्षं ती फक्त उन्हाळ्यात धावायची हे नंतर वाचलं. मग मी ब्रुझिओच्या पुलाचं सांगितलं. तिथे एकदम उतरायला जागा नाही म्हणून गाडी नऊ कमानींच्या पुलावरून गोल फिरते आणि स्वतःच्याच रुळांखालून बाहेर पडते. बाबा खूश झाले. गार्डाच्या डब्यातून स्वतःचंच इंजिन समोर दिसत असणार, हे त्यांनी आपलं आपण ताडलं.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मी उत्साहात टिरानोचंही सांगून टाकलं, की गाडी शेवटी गावात भर रस्त्यातून जाते, मोटारींच्या शेजारून, देवळाला लागून.

"फाटक किती?"

"तिथे फाटक नाही बाबा. मोटारी आपल्या थांबतात."

"गेटमन?"

"नाही."

बाबांनी सासूबाईंना काहीतरी सांगितलं, मग फोन पुन्हा कानाला लावला. "तू तिकिटं रद्द होणारी घेतलीयस ना गं?"

अर्थातच नाही. ती महाग होती.