चव्वेचाळीस सामने

आमच्या पाथरीच्या शाळासोबत्यांचा एक ग्रुप आहे, १९९८ च्या दहावीचा. एरवी तिथं वाढदिवस, सोयाबीनचा भाव आणि कुणाच्या पोराला नीटला किती पडले, एवढंच चालतं. गेला महिनाभर मात्र तिथं फुटबॉलवरून जुंपली आहे आणि ती माझ्यामुळं जुंपली आहे.

गावात तेरा वर्षांचा एक मुलगा आहे. लेकरू लहान आहे, म्हणून नाव लिहीत नाही. वडील मोंढ्यात हमाली करतात. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्याला खेळताना पाहिलं. पाय अनवाणी, चेंडूत हवा कमी. डाव्या पायावर चेंडू असा झुलवायचा की समोरच्यानं एका अंगाला झोक द्यावा, आणि तेवढ्यात हा दुसऱ्या अंगानं निघून गेलेला. मी तासभर जागचा हललो नाही. अक्कानं दोनदा जेवायला बोलावणं धाडलं, तरी पाय निघेना.

पुढं डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. त्याच कार्यक्रमात राज्य सरकारनं ‘प्रोजेक्ट महादेवा’ सुरू केला. तेरा वर्षांखालची ३० मुलं आणि ३० मुली निवडायच्या आणि पाच वर्षं त्यांना घडवायचं, अशी ती योजना. ग्रुपवर लगेच सुरू झालं, आपल्या मराठवाड्यातली किती? तिथून गाडी आपल्या पोरावर आली. सरकारची वाट कशाला बघायची, वर्गणी काढू आणि ह्याला मोठ्या शहरातल्या निवासी अकादमीत घालू. संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं आपापला आकडा टाकला. मी लिहिलं, थांबा.

“तू तिकडं जर्मनीत बसून आमच्या पोराच्या आड का यायलास?” एकानं विचारलं. विचारणं रास्त आहे. त्याचं उत्तर सलग द्यायला हवं.

मी डॉर्टमुंडला राहतो, अकरा वर्षं झाली. हे एकेकाळी कोळशाचं आणि पोलादाचं शहर होतं. खाणी बंद झाल्या, भट्ट्या विझल्या, फुटबॉल राहिला. एक्याऐंशी हजारांचं मैदान आहे, त्यात एकाच बाजूला जवळजवळ पंचवीस हजार माणसं उभ्यानं सामना बघतात. सामन्याच्या दिवशी आमच्या ट्राममध्ये पिवळे मफलर सोडून काही दिसत नाही. ह्या शहरात मी एक पोरगं चढताना पाहिलं आणि मग हळूहळू विरताना पाहिलं. युसुफा मुकोको त्याचं नाव.

जन्म कॅमेरूनचा, वडिलांमागं हॅम्बुर्गला आला, तिथून २०१६ मध्ये डॉर्टमुंड क्लबाच्या अकादमीत. बाराव्या वर्षी तो सतरा वर्षांखालच्या मुलांत खेळत होता. युवा संघांतल्या ८८ सामन्यांत त्यानं १४१ गोल केले. त्याच्या वयावरची कुजबुज तेव्हापासून त्याच्या मागं लागली ती सुटलीच नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये शेजारच्या शाल्क क्लबाविरुद्ध एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात त्यानं तीन गोल मारले, तर प्रेक्षकांतून त्याला इतक्या घाण शिव्या मिळाल्या की शाल्कला माफी मागावी लागली. पोरगं पंधरा वर्षांचं होतं.

त्या वर्षी जर्मनीच्या सर्वांत वरच्या लीगनं, बुंडेसलिगानं, किमान वयाची अट सोळावर आणली. २० नोव्हेंबरला तो सोळाचा झाला आणि २१ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये उतरला. बुंडेसलिगाच्या इतिहासातला सर्वांत लहान खेळाडू. कोरोनामुळं मैदान रिकामं होतं. पंच्याऐंशीव्या मिनिटाला तो ज्याच्या जागी आत आला तो होता हालांड, क्लबाचा मुख्य गोल मारणारा, आणि हालांडनं त्या दिवशी चार गोल मारलेले होते. टीव्हीवर ते बघताना आम्ही टाळ्या वाजवल्या. मला आता वाटतं, पुढची सगळी गोष्ट त्या एका बदलीतच होती. तुझी जागा जगातल्या सर्वांत धडाडीच्या पोराच्या मागं, आणि तुझ्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं.

डॉर्टमुंडला दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, जावंच लागतं, क्लबाचा सगळा हिशोब त्यावर चालतो. असा क्लब सोळा-सतरा वर्षांच्या पोरासाठी चार सामने हरायला तयार नसतो. तसं बघितलं तर चूक कुणाचीच नाही. मुकोको पहिल्यांदा खेळला तेव्हा फाव्र प्रशिक्षक होते. तीन आठवड्यांत ते गेले, टेर्झिच आले, मग रोझे आले, मग पुन्हा टेर्झिच. दोन वर्षांत प्रत्येक नव्या माणसापुढं ह्यानं पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करायचं, तेही शेवटच्या दहा मिनिटांत. मधे दुखापती. शेतात बी पेरायचं आणि उगवलं का म्हणून रोज उकरून बघायचं, तसं ते झालं.

माझा एक मित्र म्हणाला, “अरे, नसंल त्याच्यात तेवढा दम.” मग त्यानं २०२२ चा पावसाळा संपल्यानंतरचे तीन महिने बघावेत. हालांड मँचेस्टरला गेला होता. त्याच्या जागी आणलेला हालर आल्या आल्या कर्करोगानं आजारी पडला. घाईघाईनं आणलेल्या मोडेस्टला सूर सापडेना. अचानक क्लबाला मुकोकोची गरज पडली. सुरुवातीपासून खेळायला मिळालं आणि पोरगं फुललं. बोखुमविरुद्ध त्यानं दोन गोल मारले. त्यातला दुसरा इतक्या लांबून की गोलरक्षक मागं पळत पळत जाळ्यापर्यंत गेला. त्या जोरावर तो विश्वचषकाला गेला आणि जपानविरुद्ध अठरा वर्षं तीन दिवसांचा असताना जर्मनीकडून उतरला. म्हणजे गुण होता. खेळायला मिळालं तेव्हा तो दिसला.

जानेवारीत हालर बरा होऊन परतला, त्याचा आनंद सगळ्या शहराला झाला, मलाही झाला. मुकोकोचा घोटा दुखावला. ऑगस्टमध्ये त्याच जागेसाठी फ्युलक्रुगला विकत आणलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गिरासीला. पोरगं पुन्हा बाकावर, मग उसनं म्हणून फ्रान्समध्ये नीस क्लबाला, आणि २०२५ मध्ये कायमचं कोपनहेगनला. वयाच्या विशीत आहे अजून, तिथं खेळतोय, चांगलं होवो त्याचं. पण ज्याच्यासाठी नियम बदलला असं इथली माणसं म्हणायची, तो हा राहिला नाही.

आता त्याच्याच बरोबरीचा दुसरा पोरगा घ्या. ज्यूड बेलिंगहॅम २०२० च्या उन्हाळ्यात डॉर्टमुंडला आला, सतरा वर्षांचा. तो यायच्या आधी इंग्लंडच्या दुसऱ्या पायरीवरच्या लीगमधल्या बर्मिंगहॅम सिटीकडून एका हंगामात ४४ सामने खेळून आला होता. ते सामने मोठ्या माणसांतले होते, कोपरं खात, चिखलात. बर्मिंगहॅम त्या वर्षी विसावं आलं, खालच्या लीगमध्ये घसरता घसरता वाचलं. त्या संघाला सोळा वर्षांच्या पोराची खरोखरची गरज होती. तो चुकला तरी पुढच्या शनिवारी पुन्हा त्यालाच उतरवायचे, कारण दुसरं होतं कोण? मुकोको ८८ सामने खेळून आला होता, पण ते सगळे पोरांतले, आणि त्यात तो सहज जिंकायचा. बेलिंगहॅम मुळातच सरस असेल, मी वाद घालत नाही. पण ते चव्वेचाळीस सामने नसते तर त्याचं सरसपण डॉर्टमुंडला दिसलं तरी असतं का? नॉर्वेच्या ओडेगार्डचंही असंच. सोळाव्या वर्षी स्पेनच्या रेआल माद्रिदनं घेतला. घडला मात्र तो हॉलंडमध्ये हेरेनफेन आणि व्हितेसमध्ये, जिथं रोज त्याच्यावर भिस्त होती. इंग्लंडच्या आर्सेनलचा कप्तान झाला तो नंतर.

म्हणून मी ग्रुपवर एकच विचारलं. आपलं पोरगं वर्षात खरे सामने किती खेळलं? गावातल्या शिक्षकाकडून उत्तर आलं, दोन. शालेय स्पर्धा बाद पद्धतीनं होतात. पहिला जिंकला, दुसरा हरला, घरी. पुढचा सामना पुढच्या पावसाळ्यात. वर्षाला दोन सामने खेळणाऱ्या पोराला आपण अशा ठिकाणी नेऊन सोडणार, जिथं त्याच्यासारखी पन्नास पोरं आहेत आणि त्यातली बरीच दहा वर्षांची असल्यापासून दर रविवारी खेळत आलेली आहेत. तिथं तो कुणाच्या जागी उतरणार, आणि कितव्या मिनिटाला?

फुटबॉल लांब वाटत असेल तर क्रिकेट घ्या. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आला, चेन्नईनं दीड कोटीला घेतला. आम्ही धाराशिव-परभणीची माणसं किती हरखलो होतो! पहिलं वर्ष बाकावर गेलं. २०२३ च्या पहिल्याच सामन्यात अहमदाबादला गुजरातविरुद्ध त्यानं तीन बळी घेतले. त्या हंगामात त्याला सामने मिळाले एकूण दोन. चेन्नई त्या वर्षी चषक जिंकली, त्यांच्या बाजूनं सगळं बरोबरच होतं. मी फक्त पोराच्या बाजूनं बघतोय.

आणि हे आपल्याकडं खेळापुरतं कुठं आहे? माझा भाचा दहावीला शाळेत पहिला आला. गणित अडलं की गल्लीतली पोरं त्याच्याकडं यायची, आणि त्यांना समजावता समजावता त्याचं स्वतःचं पक्कं व्हायचं. अक्कानं त्याला लातूरला मोठ्या क्लासला घातलं. सगळेच घालतात, तिलाही घालावंसं वाटलं. तिसऱ्या महिन्यात त्याला वरच्या बॅचमधून खाली टाकलं. ट्यूशन एरियातल्या त्याच्या खोलीवर मी गेलो होतो. चार पलंग, भिंतीला चिकटवलेला वेळापत्रकाचा कागद, कोपऱ्यात न उघडलेला मेसचा डबा. मी विचारलं, “सर काय म्हणतेत?” तो म्हणाला, “मामा, सर मला वळखत न्हाईत. रोल नंबर इचारतेत.” आणि मग बराच वेळानं, “इथं मला कुणी काही इचारत न्हाई.” ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. शिकवणं तिथं उत्तम होतं, पुस्तकं उत्तम होती. फक्त त्याची कुणाला गरज नव्हती.

लातूर पॅटर्ननं मराठवाड्यातल्या हजारो घरांत डॉक्टर दिले, हे मी नाकारणार नाही. माझे स्वतःचे दोन वर्गमित्र त्यातूनच उभे राहिले. पण आपल्याला सवय अशी लागली आहे की पोरगं हुशार दिसलं की त्याला उचलून मोठ्या ठिकाणी ठेवायचं, आणि आपलं काम झालं असं समजायचं. अनुशेषाचं भांडण आपण चाळीस वर्षं करतोय, दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत, आणि ते खरंही आहे. तरी ‘महादेवा’च्या साठांत आपले किती, हे विचारताना तालुक्यात उरलेली पोरं रविवारी कुठं खेळतात, हे कुणी विचारत नाही.

माझा धाकटा आठ वर्षांचा आहे. घराजवळच्या साध्या क्लबात खेळतो, प्रशिक्षक म्हणजे एक निवृत्त पोस्टमन, मानधन नाही. २०२४-२५ पासून जर्मन फुटबॉल संघटनेनं लहान मुलांसाठी नवी पद्धत देशभर सक्तीची केली. मोठं मैदान नाही, छोटे तुकडे. एकेका बाजूला तीन-तीन पोरं, चार बुटके गोल, गुणतक्ता नाही. आमच्याकडं गोल झाला की दोन्ही बाजूंनी एकेक पोरगं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. एका शनिवारी थंडीत उभा राहून मी मोजलं, आमच्यातल्या सर्वांत हळू पळणाऱ्या मुलाचा पाय तासाभरात चेंडूला इतक्यांदा लागला की माझी मोजणी चुकली. ह्यावर इथंही मोठा वाद झाला. डॉर्टमुंड क्लबाचे तेव्हाचे कार्यकारी प्रमुख वाट्सके ह्यांनीच जाहीर टीका केली, की हरणं-जिंकणं काढून टाकलं तर पोरं लढायला शिकणार कशी. त्यांचं मला पटलं नाही. माझं पोरगं घरी येताना किती गोलनं हरलो ते बरोब्बर सांगतं, तक्ता असो वा नसो.

तर ग्रुपला माझं म्हणणं असं. पोराला पाठवायचं नाही असं मी कधीच म्हटलं नाही. दोन वर्षं थांबू. तोवर पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर, चार गावांचे चार संघ करू. बाद पद्धत नाही, सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, दिवाळीपासून उन्हं तापेपर्यंत दर रविवारी. प्रत्येक पोराला अर्धा सामना मिळालाच पाहिजे, हा एकच नियम कडक. आपल्या पोराला मोठ्या मुलांत खेळवू, मार खाऊ दे थोडा. चाळीस-पन्नास सामने झाले की मग वर्गणी काढा, पहिला आकडा माझा.

काल मानवतच्या शिक्षकांचा फोन आला होता. त्यांच्याकडं चौदा पोरं आहेत, दोन मुलीसुद्धा यायला तयार आहेत, म्हटलं येऊ द्या. चेंडू परभणीत मिळतील. अडचण जिंतूरची आहे, तिथून पोरांना आणायला टेम्पो लागेल आणि भाडं दर खेपेला द्यावं लागेल. पहिल्या दहा रविवारचं भाडं मी आज पाठवलं आहे. अकराव्या रविवारचं कोण घेतंय, ते ग्रुपवर टाका.