नमनालाच घडाभर तेल

ट्रक घरी आला तेव्हा माझ्यापुढे एकच गहन प्रश्न होता: रंग कुठला द्यायचा? गर्द हिरवा की फिकट निळा? या विषयावर मी तीन आठवडे झोपेतही बोलत होतो म्हणे. १९५१ची शेव्हरलेट ३१००, अर्ध्या टनाची पिकअप. फुगीर बॉनेट, गोल दिवे, हौद्याला लाकडी फळ्या. निदान चित्रात तरी. आमच्या हौद्यात फळ्यांची नुसती आठवण होती, आणि तिच्यावर गवत उगवलं होतं.

ट्रक दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून आला. बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा चालवायचाय की पुरायचाय?"

मी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकना बोलावलं. काकांनी ट्रकभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून चासीला चार ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला. "चासी शाबूत आहे. इंजिन फिरतंय का?"

"नाही हो काका, कित्येक वर्षं बंद आहे."

"चालतंय का नाही विचारलं. फिरतंय का?"

हा फरक मला त्या दिवशी कळला. चालणं म्हणजे पेट्रोल, ठिणगी, धूर वगैरे चैन. फिरणं म्हणजे जोर लावला तर आतला क्रँक, म्हणजे पिस्टननी फिरवायचा मुख्य दांडा, जागचा हलतो का, एवढंच. बंद इंजिनात ओल शिरते आणि पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटतात. अशा वेळी कुणी हौसेने स्टार्टर मारला, तर उरलंसुरलंही मोडतं. मी हौसेने मारलाच होता. या ट्रकचा स्टार्टर पायाने दाबायचा असतो, तो मी दोनदा दाबून पाहिला होता. बॅटरी बसवायची राहिली होती म्हणून वाचलो.

"सहाही प्लग काढा," काका म्हणाले, "भोकांतून तेल सोडा आणि थांबा."

"किती दिवस?"

"ते इंजिन सांगेल."

नमनाला घडाभर तेल ही म्हण मी आजवर लांबलचक भाषण ठोकणाऱ्यांसाठी वापरत आलो. आता भोगत होतो. पाच प्लग निघाले. सहाव्याने चार दिवस घेतले, आणि त्या चार दिवसांत गंजलेल्या लोखंडाचा स्वभाव मला कळला. त्याच्यावर नुसता जोर करून भागत नाही. तेल मारायचं, हळूच ठोकायचं, तापवायचं, पुन्हा तेल मारायचं. काही बोल्ट तर सोडवायच्या आधी किंचित आवळावे लागतात, म्हणजे गंजाची पकड तुटते. रुसलेल्या माणसाला आधी "बरं, तुझंच खरं" म्हणावं तसं. मडगार्डचा एक बोल्ट इतका अलगद फिरला की मी मोठ्याने हसलो. वर काढला तर हातात अर्धाच.

निघालेली प्रत्येक वस्तू पिशवीत घालून तिच्यावर नाव लिहायचं, हा नियम मी काटेकोर पाळला. आज माझ्याकडे चाळीस पिशव्या आहेत. त्यांतल्या अकरांवर "डावीकडचा" असं लिहिलंय. तो सीटवर बसून बघितल्यावर डावीकडचा की बॉनेटसमोर उभं राहून, ते मात्र लिहिलेलं नाही. एका पिशवीवर फक्त "महत्त्वाचा!" एवढंच आहे.

मग मुलीने फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं. पत्र्यावर चुंबक चिकटलं तर खाली लोखंड, घसरलं तर पुट्टी, हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. उजव्या मडगार्डवरून चुंबक घसरगुंडी खेळल्यासारखं खाली आलं. खरवडलं तर पुट्टीखाली जाळी, आणि जाळीखाली आणखी पुट्टी. सीटमध्ये उंदरांच्या अनेक पिढ्या नांदून गेल्या होत्या. वायरींवरचं सुती वेष्टन त्यांनीच अंथरुणासाठी नेलं होतं. पेट्रोलची टाकी या ट्रकमध्ये केबिनच्या आत, सीटच्या मागे असते. तिच्यातल्या जुन्या पेट्रोलला वॉर्निशचा वास येत होता. उंदीर गेले ते बहुधा त्या वासानेच.

रात्री मी या गाड्यांविषयी वाचत असे. वायपर इंजिनच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी होते आणि वायपर पेंगायला लागतात. थोडक्यात, पावसात चढ चढायचा किंवा समोरचं बघायचं, दोन्हींचा हट्ट धरायचा नाही. मला हे फार आवडलं. बायकोला सांगितलं नाही.

सोळाव्या दिवशी काकांनी सांगितल्याप्रमाणे स्टार्टर काढला. त्या भोकातून फ्लायव्हीलचे, म्हणजे क्रँकला जोडलेल्या जड चाकाचे, दाते दिसतात. एका दात्यावर खडूची खूण केली, दात्यांत छोटी पहार अडकवली आणि दाबली. काही नाही. पुन्हा तेल. पुन्हा दाबली. आतून कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसा आवाज आला. मी इतक्या जोरात ओरडलो की बायको आणि मुलगी दोघी धावत आल्या.

"काय झालं? हात सापडला का?"

"फिरलं! इंजिन फिरलं!"

बायकोने ट्रककडे पाहिलं. गवतासकट सगळं जिथल्या तिथे होतं.

"कुठे फिरलं?"

"इथून बघ. खडूची खूण केली होती."

ती खाली वाकली, टॉर्च मारला, एक डोळा मिटून बराच वेळ त्या भोकात बघत राहिली.

"मला काही खडू दिसत नाहीये."

"तेच तर!"