बॉनेटवरचा वाढदिवस

परवा रात्री बारा वाजता माझ्या गाडीच्या बॉनेटवर कुणाचा तरी वाढदिवस साजरा झाला. मला बोलावणं नव्हतं. सकाळी खाली आलो तेव्हा केक संपलेला, पाहुणे पांगलेले आणि बॉनेटवर सुरीचे आडवेउभे ओरखडे. वायपरच्या खाचेत गुलाबी क्रीम वाळून बसलं होतं. सगळ्यात खोल चरा धरून मुंग्यांची रांग हेडलाइटकडं उतरत होती. फोडलेल्या अंड्याचा ओघळ काचेवरून रंगावर येऊन घट्ट झाला होता. शिवाय जाता जाता कुणीतरी पुढच्या दारापासून डिकीपर्यंत किल्लीनं एक सलग रेघ ओढली होती. बॉनेटचं एक वेळ समजू शकतो, केक कुठंतरी ठेवायलाच लागतो. ही रेघ कशासाठी?

पोरं कोण, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. चौकात फ्लेक्सच लागलाय. मधोमध गॉगलवाला उत्सवमूर्ती, त्याच्यामागं वाघ, आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो ओळीनं, नावानिशी. इतकी तपशीलवार संशयितांची यादी पोलिसांनाही कधी मिळत नसेल. तरी शेजारीपाजारी विचारलं तर एकच उत्तर: "आम्ही झोपलेलो बगा." सुतळी बॉम्ब फुटत असताना झोपलेले!

चौकीतल्या हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला तो नुकसान किती याचा. पेंटरनं फोटो बघून साडेतेरा हजारांचा अंदाज दिला होता, तो सांगितला. ते हळहळले. जुन्या दंड संहितेच्या ४२७ कलमात पन्नास रुपयांचं नुकसान झालं तरी दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची सोय होती. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली, तिच्या ३२४ व्या कलमात त्या पायरीवर चढायला किमान वीस हजारांचं नुकसान लागतं. त्याखाली सहा महिन्यांपर्यंतचीच शिक्षा. "थोडक्यात हुकलं की तुमचं," हवालदार म्हणाले. म्हणजे पोरांनी उजवी बाजूही रंगवली असती तर माझी केस जरा वजनदार झाली असती. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली, कागद घेऊन मी बाहेर पडलो.

विम्याचं तर बोलायलाच नको. तीन वर्षं क्लेम न करता जमवलेला ३५ टक्के बोनस एका केकपायी शून्यावर आणायचा, वर पहिले हजार रुपये आपल्याच खिशातून. हिशेब केला आणि गाडी सरळ आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पेंटरच्या गॅरेजला नेली.

आता आबांविषयी.

गॅरेजच्या दारात पत्र्याचा रिकामा डबा पालथा घालून आबा बसलेले असतात. ते मालक नव्हेत, कामगार नव्हेत, गिऱ्हाईकही नव्हेत. कुस्तीनं मोडलेले कान, डोक्यावर फेटा, पायात करकर वाजणारी कोल्हापुरी. मी गाडी लावली आणि पेंटर बाहेर यायच्या आत आबांनी चष्मा चढवला.

"कुणासंगं वैर हाय?"

"नाही हो आबा."

"भावकीत? बांधावरनं?"

"शेतच नाही आबा आमचं."

"भाडेकरू? पैशाचा येव्हार? बायकूकडचं कोण?"

"कुणीच नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलं त्यात कीव होती. एवढं वय झालं आणि माणसानं एक धड वैरी जमवला नाही. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले, गाडीपाशी वाकले आणि दारावरच्या रेघेवरनं एक बोट सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत गेले.

"पोरगं उंच हाय. रेघ कुठनं चाललीया बगा. हितं मुठीपाशी हात उचललाय, आन् म्होरं परत टेकलाय. म्हंजे चालत चालत वढलीया, थांबला न्हाई."

"बरं."

"खरं रागात न्हवता."

"कशावरनं?"

"दाब बगा की! रागाची रेघ असती तर कुठंतरी रुतली असती. ही सगळीकडं सारखीच. फोनवर बोलत वढलीया त्यानं." आबांनी पाठ सरळ केली आणि निकाल दिला. "पावणं, तुमचा ह्यात काय संबंध न्हाई. वैर असतं तर काच फोडली असती, टायरीत खिळा घातला असता. गाडी कुणाची, ह्येबी ठावं नसंल त्येला."

एवढं बोलून ते परत डब्यावर बसले. मला बरं वाटावं म्हणूनच बोलले असतील बिचारे. खरं सांगतो, रेघेपेक्षा हे जास्त लागलं. इतकी वर्षं त्या गल्लीत राहतोय, पाण्याच्या टँकरसाठी महापालिकेत हेलपाटे घातलेत, आणि माझ्यावर राग धरायलाही कुणाला सवड नाही!

तेवढ्यात पेंटर आला. त्याची तपासणी साधी. ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. नख घसरलं तर ओरखडा वरच्या लॅकरमध्येच आहे, कंपाउंड मारून पॉलिशवर भागतं. नख अडकलं तर रंगकाम. बॉनेटवर अडकलं, दारांवर अडकलं, मागं डिकीपर्यंत अडकतच गेलं. वरचा पारदर्शक लॅकर जेमतेम ४०-५० मायक्रॉन, आणि लोखंडापासून वरपर्यंत सगळे थर धरले तरी १०० ते १५० मायक्रॉन, असं त्यानं सांगितलं. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या कातड्यासाठी आपण बँकेचे हप्ते भरत असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"आमच्या राजदूत फटफटीला मी दारं रंगवून उरलेला आइलपेंट मारलता," आबा डब्यावरनं म्हणाले. "बुरशानं. नख काय, खिळाबी अडकत नव्हता."

खरी अडचण रंगाची निघाली. गाडी सिल्व्हर. कंपनीचा कलर कोड दरवाज्याच्या खांबावर लिहिलेला असतो, त्यावरून रंग मिसळून मिळतो. पण तो गाडी नवी होती तेव्हाचा. मधल्या वर्षांत ऊन खाऊन गाडी वेगळीच झालेली. त्यात मेटॅलिक, म्हणजे आतले अॅल्युमिनियमचे बारीक कण फवाऱ्यात जसे बसतील तशी छटा बदलते; समोरून एक, बाजूनं दुसरी. म्हणून पेंटर म्हणाला, ओरखडा नसलेल्या पुढच्या मडगार्डवरही थोडा रंग विरवत न्यावा लागेल. थोडक्यात, पोरांनी जो भाग सोडला होता तोही मी पैसे देऊन रंगवून घ्यायचा.

"शेड जुळंना म्हणतोस?" आबा उसळले. "मर्दा, ह्याच गावात बाबूराव पेंटरांनी सोताच्या हातानं सिनेमाचा क्यामेरा घडवला. १९१७ ला फिल्म कंपनी काढली. आन् तुझ्यानं एक चंदेरी जुळंना?"

पेंटरनं मान वर न करता उत्तर दिलं, "आबा, त्येंचा सिनेमा काळा-पांढरा हुता."

त्या दिवसात आबा गप्प बसलेले मी बघितले ते एवढेच, तेही चहा येईपर्यंत.

काम पेंटरनं मन लावून केलं, तक्रार नाही. घासणं, लांबी म्हणजे पुट्टी भरणं, परत घासणं, सरफेसरचं अस्तर, मग वॉटर पेपर पाण्यात बुडवून बुडवून, मग रंग, मग लॅकर. माणूस दिवसभर वाकलेला. जे मोडायला एका फोनचा वेळ लागला, ते जोडायला हे सगळं. आणि ही गोष्ट कुणाला सांगायला जावं तर समोरून येतं, "जाऊ द्या हो, पोरं हायत." ज्याला मिशा फुटून जमाना झाला, ज्याचा फ्लेक्स चौकातला सिग्नल झाकतो, तो पोरगा कसा? बरं, पोरं वाईट नाहीत असंही ऐकवतात. २०१९ च्या महापुरात याच पोरांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना छातीभर पाण्यातनं बाहेर काढलं. काढलं, मी डोळ्यांनी बघितलंय, माझ्या मावशीला काढलं. पण त्या पुराची परतफेड माझ्या गाडीच्या पत्र्यावरून किती वर्षं चालणार, याचा कुणी हिशेब द्यायला तयार नाही. आणि विचारायला जाणार कोण? मी? त्या फ्लेक्सवरचे सगळे एकदम समोर उभे राहिले तर? नाही गेलो. खिडक्या लावून घेतो, तेवढं जमतं.

गाडी मिळाली तेव्हा पेंटरनं बजावलं, महिनाभर वॅक्स नको, आणि कव्हर तर अजिबात घालू नका, नव्या रंगाला हवा लागू द्या. म्हणजे नेमकी जी खबरदारी घ्यायची म्हणून मी कव्हर विकत आणलं होतं, तीच बंद. सावलीत उभी केली तर आबांनी पाखरांची विष्ठा रंग खाते म्हणून सांगून ठेवलंय. हे मात्र पेंटरनंही मान्य केलं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी दार वाजलं. मंडळाची पोरं, हातात पावतीपुस्तक. फ्लेक्सवरचे चारपाच चेहरे मी लगेच ओळखले. गॉगल नसल्यानं उत्सवमूर्तीला जरा वेळ लागला. उंच आहे. अगदी नम्रपणे वाकून म्हणाला, "काका, गाडी कडक झालीया. ह्या वर्षी वर्गणी वाढवायला लागतीया बगा."

मी पाचशे एक दिले. मांडवाचे खांब कुठं रोवणार, एवढंच विचारलं.

"तुमच्या गाडीम्होरंच की काका. गाडी हलवायचं टेन्शन घिऊ नका, आम्ही उचलून बाजूला ठिवतो."