जरा टाईट आहे

लातुरात इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. वर्गातलं इंग्रजी वर्गात, आणि गंजगोलाईच्या बाजारातलं बाजारात. वर्गात मी फळ्यावर टाईट, टायटर, टायटेस्ट असं लिहून अर्थ सांगतो, घट्ट. पोरं माना डोलावतात. बाहेर पडली की हीच पोरं म्हणतात, "फिजिक्सचा पेपर लई टाईट होता." "औंदा नीटचा कटऑफ टाईट लागतंय." "वडील टाईट मूडमधी हायत, घरी जायला नको." आता बसवा इथं घट्ट. आमच्याकडं घट्ट म्हणजे दही आणि पिठलं, बाकी सगळं टाईट.

मला पोरांची तक्रार नाही. माझा छळ मोठी माणसं करतात, कारण मोठी माणसं अर्थ सांगत नाहीत, नुसतं टाईट म्हणतात आणि थांबतात. पुढचं आपण ओळखायचं.

आमच्या स्वयंपाकघरातली तोटी गळायला लागली, तेव्हाची गोष्ट घ्या. प्लंबर मामांना फोन लावला.

"मामा, तोटी गळतीय. आज जमंल का?"

"सर, आज जरा टाईट आहे."

फोन ठेवल्यावर घरात परिसंवाद सुरू झाला. माझं मत, मामांना कामं जास्त आहेत. बायकोचं मत, मामांना पैशाची अडचण आहे. संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि मामांचा आवाज जरा सैल लागला होता, म्हणून शेजारच्या अण्णांनी तिसराच अर्थ काढला आणि अंगठा तोंडाकडं नेऊन दाखवला. (शेजारचे अण्णा आमच्या परिसंवादात कसे, हे विचारू नका. आमच्या गल्लीत फोन स्पीकरवरच असतो.) शेवटी बायको म्हणाली, "पाचशे पाठवून बघा. पैशाचं टाईट असंल तर येतील, कामाचं असंल तर नाही येणार, आणि तिसरं असंल तर जास्तच होतील." हा प्रयोग शास्त्रशुद्ध होता. मी पाचशे पाठवले.

मामा सकाळी सातला दारात. अंघोळ केलेली, कपाळाला गंध. "काल लई टाईट होतं सर," एवढंच म्हणाले आणि पिशवीतून पाना काढला. तिन्ही अर्थ अजून शाबूत.

तोटी उघडून त्यांनी आतलं वायसर माझ्या तळहातावर ठेवलं. चेंगरून पापड झालेलं. "कुणीतरी लई टाईट केलीय, म्हणून गळतीय."

गळतेय म्हणून टाईट केली, आणि टाईट केली म्हणून गळतेय. घरात चौकशी झाली. कुणी कबूल झालं नाही. सासूबाई तर लगेच देवघरात गेल्या. मामांनी नवीन वायसर घातलं, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे दिले, पान्यानं शेवटचा पीळ दिला आणि बजावलं, "आता टाईट करू नका. टाईटच बसवलीय."

"किती झाले मामा?"

"द्या की समजून. सध्या जरा टाईट हाय."

म्हणजे बायको जिंकली. अण्णांनी मात्र अजून हार मानलेली नाही.

बायकोचा भाऊ हे आणखी अवघड प्रकरण. इंग्रजीत एखाद्याला टाईट म्हटलं तर तो चिक्कू. पैसा आहे, पण मूठ सुटत नाही. आमच्याकडं टाईट म्हणजे पैसाच नाही. दोन्ही अर्थांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि आमचे मेहुणे दोन्ही टोकांना एकाच वेळी पाय ठेवून उभे असतात. सोयाबीन विकायच्या आधी "टाईट आहे" म्हणतात ते लातूरचं मराठी. विकल्यावर म्हणतात ते अस्सल इंग्रजी.

आणि अण्णांच्या अंगठ्याचा अर्थ आपण शोधला, असं कुणाला वाटत असेल तर तेही नाही. पिऊन टाईट होणं खुद्द इंग्रजांकडं एकोणिसाव्या शतकापासून आहे.

शब्दाचं मूळ शोधायला गेलो तर तो निघाला जुन्या नॉर्स, म्हणजे नॉर्वे-आइसलंडकडच्या जुन्या भाषेतला. मूळ अर्थ दाट, आणि पाणी आत न येऊ देणारा. तिकडच्या दर्यावर्दी लोकांना पाणी बाहेर कसं ठेवावं ही काळजी. त्यांचा शब्द इतकी वर्षं प्रवास करून शेवटी कुठं पोचावा, तर लातुरात! इथं पाणीच टाईट. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा टँकर भरण्याच्या जागांवर मार्चमध्ये जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाचेक लाख लिटर. म्हणजे पाणी टाईट, म्हणून बंदोबस्त टाईट, म्हणून माणसं टाईट. धरणात पाणी आलं, पण सवय गेली नाही. अजूनही आमच्या घरात जाता-येता प्रत्येकजण तोटीला एक पीळ देतो. वायसरचा पापड का झाला, ते मामांना ठाऊक असणारच. ते बोलले नाहीत एवढंच.

माझ्या आजोबांना टाईट लागतच नव्हतं. ते निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, पण आजोबांच्या तोंडातली उर्दू काही कुठं गेली नाही. त्यांचा शब्द तंग. हात तंग, सदरा तंग, गल्ली तंग, आणि आम्ही दंगा केला की "तंग करू नको रे". पिणाऱ्यासाठी मात्र वेगळा शब्द, तर्र. तंग आणि तर्र असे दोन नोकर होते, आणि दोघांत कधी घोटाळा झाला नाही. आता दोघांनाही काढून सगळं काम एकट्या टाईटकडं दिलंय, तर परिसंवाद होणारच.

आजी मात्र आजून ठणठणीत. गेल्या महिन्यात पुण्याच्या नातीनं तिला रात्री व्हॉट्सॲपवर पाठवलं, 'स्लीप टाईट, आजी'. मी वाचून दाखवलं.

"झोप कशी काय टाईट असंल?" आजी म्हणाली. "बाज टाईट पायजे. लई झोळ पडलाय हिला."

मी चाटच पडलो. कारण इंग्रजांतही पुष्कळजण हाच अर्थ सांगतात. म्हणे पूर्वी त्यांच्या पलंगांनाही दोऱ्या असायच्या, त्या ताणल्या की झोप चांगली. भाषेचे अभ्यासक मात्र हे मानत नाहीत. ते म्हणतात, इथं टाईट हे क्रियाविशेषण, अर्थ गाढ. मी खुर्ची ओढून आजीपाशी बसलो आणि विशेषण व क्रियाविशेषण यांतला फरक समजावून सांगायला लागलो.

"ते तुझ्या पोरांना सांग," आजी बाजेवरून उतरत म्हणाली. "आधी पायथ्याची दोरी ओढ. आन् लई टाईट करू नको, तुटंल."