‘बोलाइन कधीच सुटत नाही’: फिरत्या मेसेजमध्ये काय चुकलंय

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं असं: हार्नेसला (कमर आणि मांड्यांभोवतीच्या सुरक्षा पट्ट्याला) दोर बांधायचा तर बोलाइनच, म्हणजे टोकाला न सरकणारा फास करणारी गाठ, मारा. ती एका हाताने होते, कधीच सुटत नाही, टोकाला वेगळी गाठ लागत नाही. फिगर ऑफ एट (इंग्रजी 8 च्या आकाराची गाठ, थोडक्यात ‘आठ’) कमकुवत, आणि आवळली की दोर कापावा लागतो. शेवटी जोडलेलं असतं, की पुरात उतरणाऱ्यानेही कमरेला बोलाइनच मारावी.

‘कधीच सुटत नाही’ हे ताण असेपर्यंतच खरं. बोलाइनची सगळी पकड एका छोट्या वेढ्यात असते, आणि मुख्य दोर ओढला गेला तरच तो वेढा आवळतो. चढताना गाठीवर बहुतेक वेळ ताण नसतोच; ती कमरेशी हलते, खडकाला घासते आणि सैल होत जाते. दोर नवा, ताठ असेल तर लवकरच. शिवाय कोणी त्या फासातच कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवला आणि फासाच्या दोन बाजू विरुद्ध दिशांना ओढल्या गेल्या, तर टोक सरकून गाठ सुटू शकते. म्हणून टोकाची गाठ हवीच: डबल ओव्हरहँड, म्हणजे दोन वेढ्यांची साधी गाठ, मुख्य गाठीला चिकटून.

बोलाइन टाकाऊ आहे असं आम्ही म्हणत नाही. झाडाला किंवा खांबाला दोर बांधायला ती उत्तम. मुरलेले आरोहक डबल बोलाइन हार्नेसलाही वापरतात, पण टोक पक्कं करूनच.

फिगर ऑफ एट कमकुवत, हे तर उलटंच आहे. कुठलीही गाठ दोराची ताकद घटवते, पण साध्या बोलाइनपेक्षा आठमध्ये ती थोडी जास्तच टिकते. रॅपलिंगच्या (दोरावरून कडा उतरण्याच्या) ए प्रकारच्या स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणाऱ्या दोराला युरोपीय मानकाप्रमाणे किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २,२०० किलोंचा भार पेलावा लागतो. टोकाला गाठ मारल्यावरही त्याने १५ किलोन्यूटन तीन मिनिटं पेलावे लागतात.

खरा धोका अर्धवट बांधलेल्या गाठीचा. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या बुऊ इथे लिन हिलसारखी जगात नावाजलेली आरोहक वीस मीटरहून जास्त पडली, कारण दोर हार्नेसमधून ओवला होता, गाठ पुरी केलेली नव्हती. एका हाताने पटकन होते, हा गुण इथे कामाचा नाही. गाठ जोडीदाराला एका नजरेत तपासता आली पाहिजे, आणि आठ तशी तपासता येते.

बांधायची अशी: टोकापासून सुमारे एक मीटरवर एक आठ पाडा. टोक हार्नेसच्या मांड्यांच्या आणि कमरेच्या, दोन्ही टाय-इन लूपमधून (दोर ओवायच्या फासांतून) घ्या. त्या दोघांना जोडणाऱ्या बिले लूपमधून नको. मग त्याच आठच्या मागोमाग टोक फिरवा, दोर एकमेकांवर चढू देऊ नका. फास मुठीएवढा ठेवा. गाठीतून निघणारे चारही दोर एकेक करून ओढा. शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेलं टोक, किमान १५ सेंटिमीटर. समांतर जोड्या मोजा. पाच भरल्या पाहिजेत.

वारंवार पडल्यावर, विशेषतः दोर ओला असेल तर, आठ आवळते, हे खरं. पण कापायचं कारण नाही. दोन्ही हातांत धरून गाठ मागेपुढे वाकवा, बाहेरचा वेढा अंगठ्याने मागे रेटा, सुटते.

पुराचा सल्ला सगळ्यात घातक. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या जिल्ह्यात तो फिरतोय म्हणून काळजी जास्त. वाहत्या पाण्यात कमरेला पक्का दोर बांधलेल्या माणसाचा दोर ताणला गेला की प्रवाह त्याला पाण्याखाली दाबतो, आणि ताणलेली बोलाइन हाताने सुटत नाही. त्यासाठी एका ओढीने दोर सुटणारं बचाव जॅकेट लागतं आणि त्याचं प्रशिक्षण लागतं. ते नसेल तर काठावरूनच दोर फेका. पाण्यातल्या माणसाने तो हाताने धरायचा, अंगाला बांधायचा किंवा मनगटाला गुंडाळायचा नाही. दुकानातला पिवळा प्लास्टिकचा दोर तरंगतो म्हणून फेकायला चालेल, पण तो गुळगुळीत असतो, गाठ सरकते. कड्यावर तो नेऊच नका.