हळू मारायची काठी

साताऱ्यात हातात काठी घेऊन निघालेल्या माणसाला कुणी हटकत नाही. अजिंक्यताऱ्यावर जाणारे ती कुत्र्यांसाठी नेतात, सज्जनगडाच्या पायऱ्या चढणारे गुडघ्यांसाठी नेतात, आणि उरलेल्यांना ती पेन्शनीपाठोपाठ मिळतेच. प्रश्न सुरू होतात ते ती जमिनीवरून उचलून, हवेत आडवी धरून, अतिशय सावकाश फिरवायला घेतली की. जोरात फिरवली तरी चालतं, मर्दानी खेळ समजून लोक टाळ्या वाजवतात. हळू फिरवणाऱ्या बाईचं काय करायचं, हे मात्र गावाला ठरवता येत नाही.

मी ती बाई. साठी उलटलेली, शाळेतून निवृत्त. उठताबसता तोल जायला लागला तेव्हा डॉक्टरांनी ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम सुचवला. मुलानं पुण्याहून फोनवर लगेच पुरावा दिला : २०१२ साली अमेरिकेत पार्किन्सनच्या रुग्णांवर अभ्यास झाला, ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणंही कमी झालं. मला पार्किन्सन नाही, हे सांगायच्या आत त्यानं फोन ठेवला.

आमच्या जिल्ह्यात काहीही शिकायचं म्हटलं तरी शिकवायला एक निवृत्त फौजी सापडतोच. आम्हाला सुभेदारसाहेब सापडले. पुण्यात मुलाकडं राहायला गेले होते, तिथं शिकून आले. ज्या गळ्यानं जन्मभर परेड घेतली, त्याच गळ्यानं ते आता संथपणा शिकवतात. ‘‘हळूऽऽ! अजून हळूऽऽ! खांदे सैल... सोड!’’ आमचा सराव चालतो त्या ‘चार भिंती’ नावाच्या टेकडीवर हा हुकूम सुटला की झपाझप फिरायला आलेली माणसंसुद्धा बिचकून सावकाश चालायला लागतात.

साहेब इतिहासही परेडच्या सुरातच सांगतात. सतराव्या शतकात, म्हणजे इकडं शिवकाल चालू असताना, चीनच्या हेनान प्रांतात चेनजियागौ नावाच्या गावी चेन वांगटिंग या गृहस्थानं ही विद्या सुरू केली असं मानतात. हा गृहस्थ लढाया संपवून घरी बसलेला फौजी होता, इथं साहेबांचा आवाज आपोआप चढतो. पुढं १९५६ साली चिनी सरकारनं आमच्यासारख्या सामान्य जनांसाठी २४ हालचालींचा आटोपशीर संच ठरवून दिला आणि २०२० मध्ये युनेस्कोनं ताई चीला वारशाच्या यादीत घेतलं. ही शेवटची बातमी साहेब आपल्याला पदक मिळाल्यासारखी सांगतात.

नुसत्या हातांनी करत होतो तोवर बरं चाललं होतं. मग साहेब म्हणाले, ‘‘आता शस्त्र.’’ त्यांच्याकडं दोन तलवारी आहेत : एक वाकडी एकधारी, एक सरळ दुधारी. धार म्हणायची एवढंच, काकडीसुद्धा कापली जाणार नाही. सरळ तलवारीच्या मुठीला लाल गोंडा. पंखाही शस्त्रच आहे म्हणे, आणि आमच्या गटातल्या बायकांनी मे महिन्यात त्याचा सराव फार मनापासून केला. पण सुरुवात काठीपासून. काठीला महिना, तलवारीला वर्ष, भाल्याला जन्म, अशी चिन्यांची म्हण आहे. आमच्या वयाच्या लोकांनी लगेच भाला वगळला.

काठी भुवईपर्यंत यावी, असं शास्त्र. मी बुरुडाकडं गेले. तो म्हणाला, ‘‘कशाला पायजे? वेलाला, झेंड्याला, का म्हशीला?’’

‘‘व्यायामाला.’’

‘‘मग मालकांना घेऊन या की बाई. माप त्यांच्या उंचीचं लागंल.’’

मालक घरी पेपर वाचत होते आणि त्यांचा व्यायाम तेवढाच आहे. माप माझंच, भुवईपर्यंत, असं सांगितल्यावर त्यानं चिव्याची काठी माझ्या पायाशी टेकवून चेहऱ्याजवळ खूण केली. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ते सगळं बघितलं. त्यातली एक जण आमच्याच आळीतली निघाली, त्यामुळं ‘बाई मालकांसाठी काठी करून घेतायत’ ही बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. मालक दोन दिवस माझ्याशी फार अदबीनं बोलत होते.

काठी हळू फिरवणं किती अवघड आहे, हे जोरात फिरवणाऱ्याला कळायचं नाही. वेगात सगळ्या चुका झाकून जातात. इथं गुडघे वाकवून उभं राहायचं, एका पायावर भार, दुसरा रिकामा, गुडघा बोटांच्या पुढं जाता कामा नये, कंबर वळली की मगच हात वळायचा. हाताला जरा कंप असला तर तो काठीच्या टोकापर्यंत जाता जाता चांगला मोठा होतो आणि सगळ्या साताऱ्याला दिसतो. रक्तदाब, रात्रीची अपुरी झोप, सुनेशी झालेलं बोलणं, सगळं त्या टोकावर वाचता येतं. साहेब तर माझ्याकडं न बघता फक्त टोकाकडं बघून सांगतात, ‘‘बाई, आज चहा दोनदा झाला.’’

बघणाऱ्यांत एक शाळकरी पोरगा असतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत जमिनीवर ठेवलेलं लिंबू पट्ट्यानं कापणारा. त्यानं बरेच दिवस दम धरला. शेवटी म्हणाला, ‘‘आजी, मारायचं कधी?’’

उत्तर साहेबांनी दिलं, लांबलचक. पोरानं ते ऐकून घेतलं, माझी काठी मागून घेतली आणि अशी फिरवली की नुसती घुंईऽऽ ऐकू आली. काठी परत देत म्हणाला, ‘‘आमच्यात काठी दिसायला नको, आवाज यायला पायजे.’’

साहेब म्हणाले, ‘‘आमच्यात आवाज यायला नको, दिसली पाहिजे.’’

दोघांचं एका गोष्टीवर मात्र जमलं. पट्ट्यात हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबणीत अडकलेला असतो, मनगट वळायची सोयच नाही, म्हणून वार खांद्याकमरेतून काढावा लागतो. ‘‘कंबर!’’ साहेब ओरडले, ‘‘मी काय सांगतोय रोज? कंबर!’’ तेव्हापासून तो पोरगा आमच्या रांगेत उभा राहून आमच्या कमरा तपासतो. त्याचं बोलणं साहेबांपेक्षा जास्त लागतं.

घरात काठीला शस्त्र म्हणून कुणी मान दिला नाही. सून त्या काठीनं उंचावरच्या दांडीवर कपडे वाळत घालते. तिच्या टोकाला फडकं बांधून जळमटं काढून झाली. एकदा शेजारच्यांनी नेली ती परत आली तेव्हा टोकाला आकडी होती आणि सोबत शेवग्याच्या शेंगा. शेंगांची आमटी चांगली झाली. आकडीसकट मी सराव केला त्या दिवशी साहेबांनी मला सगळ्यांत मागं उभं केलं.

आणि मग सणासुदीच्या तोंडावर पेपरात बातमी आली : जिल्ह्यात कलम ३७ लागू. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं हे कलम आमच्याकडं पावसासारखं ठरावीक काळानं येतं, आजवर कधी नीट वाचलं नव्हतं. आता वाचलं. शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, लाठ्या बाळगण्यास मनाई. बंदुका आणि सुरे सोडले तर हा आमचा अभ्यासक्रमच होता, आणि भाल्यापर्यंत तर आम्ही अजून पोचलोही नव्हतो.

सुभेदारसाहेब हुकूम मोडणाऱ्यांतले नाहीत. तलवारी त्यांनी त्याच दिवशी ट्रंकेत टाकल्या. छत्री यादीत नाही, असा मुद्दा कुणीतरी काढला म्हणून छत्र्यांवर सराव झाला. डोळे अर्धे मिटलेले, श्वास लांब, सगळीकडं शांतता, आणि पहिल्याच वळणावर एकेक बटण दाबलं जाऊन फटाफटा छत्र्या उघडल्या. तो पोरगा जमिनीवर लोळून हसला. साहेबांनी बातमीचं कात्रण पुन्हा काढलं. शेवटी लिहिलं होतं, शारीरिक दुर्बलतेमुळं ज्यांना काठी वापरणं आवश्यक आहे त्यांना हा आदेश लागू नाही. त्यांनी आमच्या रांगेवरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, ‘‘सगळे बसतात यात.’’

ठरलं असं, की घरापासून चार भिंतींपर्यंत काठी टेकत यायचं. आता भुवईपर्यंतची काठी टेकत चालणारा माणूस नुसता दुर्बल दिसत नाही, तो थेट कीर्तनातला दिसतो. त्यात माझा अभिनय शाळेच्या गॅदरिंगपासूनचा, म्हणून मी उजवा पाय थोडा ओढायला लागले. पोवई नाक्यावर ओळखीच्या बायका थांबून चुकचुकल्या. एका पोलिसानं हात धरून रस्ता ओलांडून दिला, तेव्हा मला फारच चोरट्यासारखं झालं.

संध्याकाळपासून घरी रीघ लागली. कुणी मोसंबी आणली, कुणी कंदी पेढे, कुणी हाडवैद्याचा नंबर. मालक दार उघडून प्रत्येकाला ‘‘बसा, बसा’’ म्हणत होते आणि मोसंबी सोलत होते. मी पाय स्टुलावर ठेवून बसले, दुसरं करणार काय. सुनेनं सगळ्यांचा चहा केला आणि माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

सगळ्यांत शेवटी आळीतल्या काकू आल्या. माझा पाय दाबून बघितला, सूज नाही म्हणाल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘अहो बाई, नुसतं काठीला धरून किती दिवस काढणार? व्यायाम करा. तिकडं चार भिंतींवर कोणी सुभेदार आहेत, हळूहळू हात हलवायला लावतात. माझ्या नणंदेची पाठ थांबली. फक्त ही काठी नेऊ नका बरं का, सध्या बंदी आहे.’’

मी कागद-पेन मागवून सुभेदारसाहेबांची वेळ लिहून घेतली.